पळसाची आडवी डहाळी

आमच्या गावामागच्या डोंगरात वनखात्यानं आता फिरायच्या वाटा केल्या आहेत. वाटा मूळच्याच होत्या. खात्यानं त्यांच्या कडेला चुना मारलेले दगड लावले, फाट्याफाट्यावर बाणाच्या पाट्या ठोकल्या आणि चढ आहे तिथं सिमेंटचे कठडे उभे केले. ते सिमेंट आहे हे कळू नये म्हणून त्याला लाकडाचा रंग दिला, वर साल चितारली, गाठीसुद्धा काढल्या. चारी बाजूंनी सागवान उभं असताना हे सोंग कुणासाठी, ते खात्यालाच ठाऊक. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं दुपारची इकडं वळतात, पांढरेशुभ्र बूट घालून डोंगर चढतात, वर जाऊन फोटो काढतात आणि चिवडा खाऊन उतरतात. गावातल्या म्हाताऱ्या त्यांना हसतात. मी हसत नाही. मी पहिल्यांदा हा डोंगर चढले तेव्हा माझ्या पायात टाचेची चप्पल होती.

लाल पट्ट्याची. हिंगोलीच्या बाजारातून लग्नाआधी हट्टानं घेतलेली. माझे वडील कचेरीत कारकून होते आणि मी मॅट्रिकला बसलेली होते. पास झाले का, हे सासरी कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेले नाही. एकोणीस वर्षांची ती बया आज माझ्यासमोर उभी राहिली तर मी तिला आधी चप्पल काढायला लावीन, आणि मग त्याच चपलेनं दोन ठेवून देईन.

"ती पायताणं काढ, माय," सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "डोंगर हाय, सिनेमा न्हाई."

मी काढली नाहीत. शहरातली मुलगी अनवाणी कशी जाईल?

त्या काळी गावातल्या बायका रोज डोंगरात जायच्या. गवत आणायला, सरपण आणायला, टेंभुर्णीची पानं तोडायला आणि दसऱ्याच्या मागंपुढं सीताफळांसाठी. पावसाळा सरता सरता वरच्या माळावर गवत डोक्याइतकं वाढलेलं असे. त्या गवतातून गुरांच्या वाटा, रोही-नीलगायींच्या वाटा आणि माणसांच्या वाटा सारख्याच दिसायच्या. ओढ्यानं एखादी वाट कापून नेली की पुढच्या वर्षी ती भलतीकडूनच फुटायची. म्हणून दहापंधरा बायकांत एक जण पुढं चालायची आणि वाटेचं सगळं तिच्यावर सोपवलेलं असायचं. बाकीच्यांनी मागं गप्पा मारायच्या. जन्म डोंगराखाली गेला तरी निम्म्या बायकांना वाटा माहीत नव्हत्या, कारण त्या नेहमी कुणाच्या तरी पाठीकडं बघून चाललेल्या.

आमच्याकडं पुढं चालणारीला सगळे पुढारीण म्हणायचे. पन्नाशी उलटलेली विधवा बाई, काटकुळी, कमरेला विळा, चढताना एक शब्द बोलायची नाही. फाट्यावर आली की थांबायची, जमिनीकडं बघायची, मग पळसाची एक डहाळी मोडून चुकीच्या वाटेवर आडवी टाकायची आणि वर दगड ठेवायची. डहाळी आडवी, म्हणजे इकडं येऊ नका. मागच्या बायका पावकोस मागं असल्या तरी त्या डहाळीच्या भरवशावर बरोबर खाली पोचायच्या. सगळ्यात शेवटी जी असेल तिनं डहाळी उचलून झाडीत फेकायची, म्हणजे उद्याच्या माणसाची शिळ्या डहाळीनं फसगत व्हायला नको. आणि एक नियम न सांगता सगळ्यांना ठाऊक होता: आपलं मन काहीही सांगो, डहाळीशी हुज्जत घालायची नाही.

मला हे सगळं फार अडाणी वाटलं. "पाटी का नाही लावत?" मी विचारलं होतं. ती पाटी वाचणार कोण, हे माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात शिरलं नाही.

माझी नणंद माझ्याच वयाची. मी तिला आक्का म्हणायची आणि अहोजाहो करायची, ती मला वैनी म्हणून अरेतुरे करायची. तोंडाची फटकळ, हसायला खळखळून. त्या दसऱ्याच्या आधी तिला बघायला वसमतकडचे पाहुणे येणार होते. मुलगा पाटबंधारे खात्यात होता. घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. पाहुणे कुठं बसतील, पोह्यात शेंगदाणे किती, आणि आक्का नेसेल काय.

आदल्या दिवशी सासूबाईंनी माझी पेटी उघडली आणि माझ्या वडिलांनी घेतलेली मोरपंखी साडी बाहेर काढली. विचारलं नाही. "दोन घडीचा तर सवाल हाय," म्हणाल्या. मी तोंडभर हसून म्हटलं, "घ्या ना, आत्याबाई, त्यात काय!" ती साडी मी स्वतः अजून एकदाही नेसले नव्हते. चांगल्या दिवसासाठी राखून ठेवली होती. त्या रात्री मी जेवले नाही आणि पोट दुखतं म्हणून सांगितलं.

सकाळी आक्का हट्टाला पेटली. पाहुण्यांना बाजारातली सीताफळं नकोत, डोंगरातलीच द्यायची, आणि ती आपण स्वतः निवडून आणायची. पाहुणे दुपारी दोनला यायचे होते, अकरापर्यंत परत येऊ, मग काय बिघडतं? सासूबाई नको नको म्हणत राहिल्या. आम्ही निघालो.

चढताना माझी टाच दगडावरून सटकली आणि मी बसल्या बसल्या दहा हात खाली घसरत आले. उभी राहिले तर मागं सगळं लुगडं कुसळांनी भरलेलं. आक्का लांबून ओरडली, "वैनी, पाठमोरी तू बराबर साळिंदर दिसून राहिली!"

सगळ्या बायका हसल्या. पुढारीणसुद्धा हसली. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मीही हसले, सगळ्यांत जास्त हसले. आतून जळणाऱ्या माणसाला फार मोठ्यानं हसता येतं, हे तेव्हा मला कळलं.

उतरताना पुढारीण नेहमीसारखी पुढं होती आणि बायका तिच्यामागं. माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता, म्हणून मी मागं पडले. आक्का माझ्याही मागं होती, कारण तिला सगळ्यात चांगली फळं हवी होती. म्हणजे मधोमध मी एकटी. फाट्यावर आले. उजवी वाट आमच्या गावाला उतरते. डाव्या वाटेवर पळसाची डहाळी आडवी, वर दगड.

मी मागं वळून पाहिलं. नुसतं गवत.

मला लिहायला आवडलं असतं की माझ्या हातून नकळत घडलं. पण नकळत काही घडलं नाही. मी नीट विचार केला. आक्का डाव्या वाटेनं गेली तर लांबचा वळसा घालून गावच्या विहिरीपाशी निघेल, दोनअडीच तास मोडतील, ऐन वेळी घामाघूम होऊन, केसांत कुसळं घेऊन येईल, आणि पाहुण्यांसमोर माझ्या मोरपंखी साडीत साळिंदर बसेल. डावी वाट विहिरीपाशी निघते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वरून तसं दिसत होतं, एवढंच. मी दगड उचलला, डहाळी उचलली, उजव्या वाटेवर टाकली, दगड परत ठेवला. मग ती डहाळी ओलांडून गावाकडं निघाले. ओलांडताना पदर सावरला. इतकी मी सभ्य.

डावी वाट विहिरीपाशी निघत नाही. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरते.

अकरा वाजले, बारा वाजले. सासूबाई मागच्या दाराशी जायच्या आणि यायच्या. साडी बाजेवर घडी करून ठेवलेली. दोन वाजता पाहुण्यांची जीप आली. पोहे झाले, चहा झाला, परत चहा झाला. मी ताटल्या नेत होते, आणत होते, आणि प्रत्येक वेळी दाराबाहेर नजर टाकत होते. तीन वाजेपर्यंत मला मजा वाटत होती. मग मीही सासूबाईंसारखी मागच्या दाराशी जायला लागले. चार वाजता पाहुणे उठले. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ वहाणा घालताना म्हणाले, "डोंगरात हरवणारी पोरगी संसारात काय सापडणार?" माझे सासरे मान खाली घालून उभे होते.

गावातले पुरुष काठ्या घेऊन वर गेले. दिवस मावळायच्या बेतात असताना आक्का उलट्या दिशेनं, गाडीरस्त्यानं आली. पलीकडच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तिला भाकरी खाऊ घालून आपल्या बैलगाडीतून आणून सोडलं होतं. मांडीवर पाटी, पाटीत सीताफळांचा चिखल. तिचे पहिले शब्द होते, "डहाळी उजव्या वाटेवर हुती."

मग म्हणाली, "मला वाटून राहिलं हुतं की ही वाट आपली न्हाई. पण डहाळी हुती ना, आई. डहाळी हुती म्हणून मी वळले. शेवटची मीच, म्हणून उचलून फेकूनबी दिली."

सगळी गल्ली पुढारणीच्या दारात गेली. मीही गेले. ती शेळीला पाणी पाजत होती. आक्का दिवसभराची रडलेली, पायांतून रक्त आलेलं. ती ओरडली, "म्हातारे, डोळे गेले असतील तर घरी बसावं! दुसऱ्याच्या लेकराचं वाटोळं काहून करती?"

पुढारीण चिडली नाही. तिनं बादली खाली ठेवली आणि एकच विचारलं, "डहाळीचं बूड कुणीकडं हुतं?"

"म्या काय बूड बघत बसू?" आक्का म्हणाली.

"माझं बूड दर बारीला डोंगराकडं असतंय," म्हातारी सावकाश म्हणाली. "शेंडा खाली, बूड वर. आपली डहाळी आपल्याला वळखू यावी म्हणून." हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली. "सूनबाई, तू मधी हुतीस. तुला दिसलं का?"

मला दिसलं होतं. ती डहाळी माझ्या हातात होती. मी ती बुडाला धरून नेली आणि बूड खाली, गावाच्या बाजूला ठेवून दिलं होतं. ते एवढं जरी मी म्हणाले असते, की काकू, बूड खाली होतं, तरी पुरलं असतं. माझं नावसुद्धा आलं नसतं त्यात. एखाद्या गुराख्याचं आलं असतं, वानराचं आलं असतं, कुणाचंही. म्हातारी सुटली असती.

मी म्हणाले, "मला न्हाई ठाव, काकू. मी खाली बघून चालत नव्हते."

डोंगर उतरताना खाली न बघता चालणारी बाई! यावरसुद्धा कुणी हसलं नाही. पुढारणीनं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मग म्याच चुकले असंन."

दुसऱ्या दिवशी ती पुढं चालली नाही. चारआठ दिवस सगळ्यांच्या मागं चालली, मग यायचीच बंद झाली. दुसरी एक बाई पुढं चालायला लागली. तिच्या भरवशावर आम्ही दोनदा भलत्याच ओढ्यात उतरलो.

वर्षभरानं आक्काचं लग्न डोंगरकडा गावच्या एका शाळामास्तरांशी झालं. मऊ स्वभावाचा माणूस, घरची केळीची बाग. पाटबंधाऱ्यातला तो मुलगा मीठ कमी पडलं तर ताट भिरकावतो, असं पुढं कानावर आलं. तेव्हापासून आक्कानं ही गोष्ट हसून सांगायला सुरुवात केली. लग्नात, बारशाला, जिथं चार बायका जमतील तिथं. "म्हातारीनं डहाळी चुकवली आन् मी सुटले!" सगळ्या हसायच्या. मी तर तिला तपशील पुरवायची. "आणि पोहे किती खाल्ले पाहुण्यांनी, ते सांगा ना, आक्का!" याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. डहाळी हलवली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पोहे मी पन्नाशीतही वाढत होते.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. आधी वाटलं, नवी नवरी आहे, माहेरी पाठवतील. मग पोटुशी होते. मग सासूबाईंचा दमा. मग मुलांच्या शाळा. बहाणे करण्यात मी मॅट्रिक नव्हे, चांगली पदवीधर होते. माझा थोरला कॉलेजात असताना पुढारीण वारली. पुण्यानुमोदनाला मी सगळ्यांबरोबर बसले, वंदना म्हटली, तिच्या सुनेला जयभीम करून घरी आले. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला हलकं वाटलं. आता सांगायला कुणी उरलंच नाही, असं स्वतःला बजावलं आणि भाजी चिरायला बसले.

गेल्या हिवाळ्यात वनखात्याची एक वनरक्षक मुलगी घरी आली. सेनगावकडच्या साखऱ्याची, खाकी कपडे, बोलायला गोड. म्हणाली, "आजी, जुन्या वाटा तुमालाच ठाव. एकडाव चालून दाखवा, मी मोबाइलात धरते." आक्का तेव्हा माझ्याकडं राहायला आली होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या तयार झालो. मी नातीचे कापडी बूट घातले. आक्का म्हणाली, "वैनी, टाचेचे नव्हते का?"

मुलगी म्हणत होती, "तुमी पुढं चला, आजी," आणि आम्ही पुढं चालत होतो, दर पन्नास पावलांवर धापा टाकत. वरचं गवत वाळून आडवं झालं होतं. फाट्यावर आलो. दगडावर टेकलो. आक्काला तिथं बसून ती गोष्ट न सांगता राहवणं शक्यच नव्हतं. तिनं सांगितली, अगदी रंगवून. डहाळी म्हणजे काय, पुढारीण कोण, पाहुणे, बैलगाडी. आणि माझ्याकडं बघून, "पोहे किती खाल्ले गं वैनी?"

मी म्हणाले, "लई खाल्ले."

मुलगी पोट धरून हसली. मग तिचे डोळे चमकले. "आजी, हे तर बोर्डावर टाकायला पायजे! लोक असलं आवडीनं वाचतेत." ती मोबाइलवर टकटक करत बसली आणि वाचून दाखवलं: "सावधान, फसवी वाट! वर्षानुवर्षे गावाला वाट दाखवणारी अनुभवी वृद्धा याच ठिकाणी चुकली होती."

"लई भारी," आक्का म्हणाली.

आजवर ते खोटं आम्हा दोघींच्या तोंडात होतं. दोघी गेलो की तेही गेलं असतं. आता ते रंगवून, लोखंडी खांबावर, ती जिथं कधीच चुकली नाही नेमकं तिथं उभं राहणार होतं. पांढऱ्या बुटांची माणसं येऊन तिच्या चुकीपाशी उभं राहून फोटो काढणार होती. तिची सून, नातवंडं या गावात राहतात. त्यांनीही ते वाचायचं.

"ती चुकली नव्हती," मी म्हणाले.

"काय?" आक्का अजून हसत होती.

"डहाळी बराबर डाव्या वाटेवर हुती. म्या उचलून उजवीकडं टाकली."

"मस्करी नको करू, वैनी."

मी तिच्याकडं तोंड वळवलं. आमचं आयुष्य एकमेकींची तोंडं वाचण्यात गेलेलं. तिचं हसू थांबलं.

"काहून?"

"साडीसाठी."

"कंची साडी?"

"मोरपंखी. माझी. तुमाला नेसायला दिली हुती ती."

तिला आठवेना. कपाळाला आठ्या घालून ती डोंगराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ती मी नेसलेच न्हाई की."

"व्हय."

वनरक्षक मुलगी मोबाइल हातात धरून आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

मला वाटलं, आक्का आता मोडलेल्या सोयरिकीवरून बोलेल, वडिलांच्या खाली गेलेल्या मानेवरून बोलेल. त्याची मी मनात पन्नास वर्षं तयारी केली होती, उत्तरंसुद्धा पाठ होती. तिनं ते काढलंच नाही.

"मी म्हातारीला काय म्हणाले हुते, ते ठाव हाय ना तुला?" ती हळूच म्हणाली. "सगळ्या गल्लीदेखत. डोळे गेले म्हणाले. तू तिथंच हुतीस."

"व्हय, आक्का."

"मला वाटत आलं की मी बराबर बोलले. आजपस्तोर. कधी मधी जरा लागायचं, मग म्हणायची, पण चूक तर तिचीच हुती ना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता मी काय करू, सांग."

मी समजत होते की सांगितल्यानं ओझं उतरतं. उतरलं नाही, नुसतं तिच्या डोक्यावर गेलं. तिची हसायची गोष्ट मी एका वाक्यात काढून घेतली आणि बदल्यात तिला म्हातारीचा तो चेहरा दिला.

उतरताना मी हात पुढं केला. तिनं धरला नाही. वनरक्षक मुलीचा दंड धरून ती पुढं चालत राहिली. मुलगीच मधे एकदा वळून म्हणाली, "आजी, मग बोर्डावर काय लिहू?"

"काही लिहू नको," मी म्हणाले. "नुसता बाण रंगव."

तसंच झालं. त्या फाट्यावर आज एक बाण आहे आणि किती मीटर ते लिहिलेलं आहे. लोक पाच सेकंदही थांबत नाहीत.

आक्का त्याच दुपारच्या एसटीनं डोंगरकड्याला गेली. जवसाची चटणी डब्यात भरून ठेवली होती, ती नेली नाही. आम्ही रोज संध्याकाळी फोनवर बोलायचो, गुडघे, सुना, केळीचा भाव. ते बंद झालं. मी केला तर तिची सून उचलायची आणि म्हणायची, "आत्या झोपून राहिल्या." संध्याकाळी सहाला!

महिन्याभरानं तिचाच फोन आला. "पुढारणीची सून हाय का अजून?"

"हाय. त्याच घरात."

"मी येऊन राहिले उद्या. तुझ्याकडं न्हाई."

ती आली. मी ओट्यावरून पाहिलं. माझ्या दारावरून, माझ्याकडं न बघता, काठी टेकत ती मागच्या गल्लीत गेली. तास दीड तास झाला. मी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. ती परत आली तेव्हा माझ्या उंबऱ्यापाशी थांबली, आत आली नाही.

"माझं मी सांगून आले," ती म्हणाली. "म्हातारीला बोलले त्याची माफी मागितली. डहाळी कुणी हलवली ते सांगितलं न्हाई. ते तुझं हाय. तू सांग." आणि स्टँडकडं निघून गेली.

तेव्हा मला उमगलं की मी वनखात्याला सांगितलं, आक्काला सांगितलं, सगळ्या डोंगराला सांगितलं. पाण्याला जाताना पन्नास वर्षं ज्या दारावरून गेले, तिथं काही सांगितलं नव्हतं. पाटी थांबवली म्हणून मी महिनाभर स्वतःवर खूशही होते. ती एकोणीस वर्षांची बया गेली आहे असं मला वाटत होतं. कुठली जातेय!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. पुढारणीची सून माझ्याच वयाची आहे. अंगणात सुपानं तूर पाखडत होती. मी खाली बसले आणि एका दमात सांगितलं, साडीपासून बुडापर्यंत, काही न झाकता. ती पाखडत राहिली. मधे एकदा थांबली, सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"सासूबाई मग लई दिवस बोलल्या न्हाईत," ती म्हणाली. "डोंगराकडं पाठ करून बसायच्या. औंढ्याला डोळ्याचं शिबिर भरलं तवा मी जबरीनं नेलं. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात एवढी साफ नजर! चष्मासुदिक दिला न्हाई." तिनं सूप मांडीवर ठेवलं. "मला आनंद झाला. आन् त्या घरी येऊन रडल्या. म्हणाल्या, डोळे गेले असते तर बरं झालं असतं, पोरी. डोळे बराबर हायेत, म्हंजे माझं डोकंच गेलं. मग आमी काही विचारलं तरी म्हणायच्या, मला नका विचारू, मला काही कळत न्हाई. मीठ किती घालू विचारलं तरी. मरेपस्तोर."

तिनं परत सूप उचललं. मी बराच वेळ तिथं बसून राहिले. तुरीचा भुसा उडून माझ्या पदरावर येत होता. तिनं मला ऊठ म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही.